अल्पाका की मेंढी? आधी डॉक्टर कोण येणार ते ठरवा

लोकरीसाठी जनावरं पाळायची म्हटलं की निवड बहुतेकदा मेंढी आणि अल्पाका (दक्षिण अमेरिकेतलं, उंटाच्या कुळातलं लोकरीचं जनावर) या दोघांवर येऊन थांबते. त्यातही अल्पाकाचे फोटो बघून निम्मा निर्णय झालेला असतो आणि मेंढीला नुसतं तुलनेपुरतं बोलावलेलं असतं. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: रोजच्या कामाला अल्पाका सोपा, आजारपणाला मेंढी सोपी. यातलं कोणतं ओझं तुम्हाला पेलेल, ते बघायचं.

रोजच्या कामापासून सुरुवात करू, कारण तिथे अल्पाका खरोखर बाजी मारतो. अख्खा कळप लेंड्या टाकायला ठरलेल्या जागीच जातो. कुरणात दोन-तीन ढीग, फावडं आणि ढकलगाडी घेऊन गेलात की सफाई उरकली. त्या ढिगांजवळचं गवत ते सहसा खात नाहीत, त्यामुळे जंतांचा फेरा थोडा तरी तुटतो. मेंढी चरता चरता लेंड्या टाकत जाते आणि तेच गवत पुन्हा तोंडात घेते. पायांचंही तसंच. अल्पाकाला खूर नसतात. दोन बोटं, त्यांवर नखं आणि खाली मऊ गादी असते. नखं वाढली की कापायची, एवढंच. मेंढीचे खूर ओल्या जमिनीत सडतात, एक लंगडली की पाठोपाठ दुसरी लंगडते, आणि पावसाळाभर खूर तासणं, धुणं, औषधात बुडवणं संपत नाही. मागच्या बाजूच्या घाण लोकरीवर माश्या बसून अळ्या पडणं हा मेंढीवाल्यांचा आणखी एक जुना वैताग. अल्पाकात तो क्वचितच दिसतो.

कातरणी दोघांचीही सहसा वर्षातून एकदा. मेंढीला ढुंगणावर बसवलं की ती बरीचशी शांत होते. अल्पाकाला मात्र पुढचे-मागचे पाय दोरीने ताणून आडवं करावं लागतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ते दृश्य आवडत नाही. त्याच वेळी नखं, वाढलेले दात आणि प्रौढ नरांचे सुळ्यांसारखे लढाईचे दातही कापून घेतात. एका जनावरामागे साधारण दीड ते तीन किलो लोकर मिळते. तिच्यात मेंढीच्या लोकरीसारखी चरबी नसल्याने धुतल्यावर वजन फारसं घटत नाही. कातरणी मात्र चुकवायची नाही. उन्हाळ्यात अंगावर लोकर राहिली तर अल्पाका उष्माघाताने जातो. अंगातली उष्णता तो पोटाकडून आणि मांड्यांच्या आतल्या बाजूने बाहेर टाकतो, म्हणून पाणीही तिथेच मारायचं. पाठीवर मारलं तर ओली लोकर उष्णता आणखी कोंडते.

चाऱ्यात मोठा फरक नाही. एकटं जनावर दोघांतलंही ठेवू नये. अल्पाका निदान तीन तरी असावेत. बाटलीवर, माणसांतच वाढवलेला अल्पाकाचा नर मोठेपणी माणसाला प्रतिस्पर्धी समजून अंगावर येतो. बाटलीवरचा मेंढाही टक्कर मारतोच, तेव्हा या बाबतीत बरोबरी.

आता आजारपण. इथून चित्र उलटतं.

दुखणं लपवणं दोघांच्याही स्वभावात आहे, पण अल्पाका त्यात पुढे. भरगच्च लोकरीखाली हाडं वर आलेली डोळ्यांना दिसतच नाहीत. पाठीच्या कण्यावर हात ठेवून मांस चाचपावं लागतं आणि नियमित वजन करून ते लिहून ठेवावं लागतं. त्याने खाणं सोडलं तर ‘उद्या बघू’ चालत नाही. उपाशी आणि तणावात असलेल्या अल्पाकाच्या यकृतात चरबी साचते, तीन कप्प्यांच्या पोटातल्या शेवटच्या कप्प्यात व्रण होतात, आणि हे बाहेर कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरी अडचण औषधांची. मेंढीसाठी औषध बनलेलं आहे, बाटलीवर मात्रा छापलेली आहे, आणि बहुतेक जनावरांच्या डॉक्टरांनी शेकडो मेंढ्या हाताळलेल्या असतात. अल्पाकासाठी परवाना असलेली औषधं बहुतेक देशांत मोजकीच. डॉक्टर दुसऱ्या जनावरांची औषधं अनुभवाने वापरतात. आणि मेंढीचं माप इथे सरसकट चालत नाही: जंताची काही औषधं अल्पाकाच्या शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे ती जास्त मात्रेत द्यावी लागतात. कमी पडलेली मात्रा नुसती वाया जात नाही, औषधाला दाद न देणारे जंत मागे ठेवून जाते. कोणत्या औषधाची किती मात्रा, हे डॉक्टरनेच ठरवायचं.

रक्त पिणारा हिमॉन्कस जंत दोघांनाही छळतो, आणि खालची पापणी उलटून तिचा रंग बघण्याची मेंढ्यांसाठी निघालेली युक्ती अल्पाकालाही लागू पडते. पापणी पांढुरकी दिसली तर रक्त कमी. पण आयमेरिया मॅकुसानिएन्सिस नावाचा उंटवर्गीयांचाच एक परजीवी आहे, त्याच्यापुढे अशी युक्ती नाही. त्याची लागण झाल्यावर लेंड्यांत अंडी दिसायलाच महिन्याहून अधिक काळ जातो. तपासणी स्वच्छ आणि जनावर मात्र खंगतंय, असं होऊ शकतं, तेही प्रौढ जनावरात. मेंढ्यांत या गटातले परजीवी मुख्यतः कोकरांना त्रास देतात.

शिवाय अल्पाका मूळचा अँडीज पर्वतातल्या उंच पठारांवरचा, प्रखर उन्हाची सवय असलेला. हिवाळी ऊन कोवळं असतं तिथे दाट लोकरीच्या, विशेषतः गडद रंगाच्या पिल्लांना ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडून मुडदूस होतो. त्यासाठी थंडीत इंजेक्शन किंवा तोंडावाटे मात्रा द्यावी लागते, आणि जास्त झाली तर तीही घातक. मेंढीवाल्याला हा विचार सहसा करावा लागत नाही.

वीण हा माझ्या मते खरा कसोटीचा भाग. मेंढी पाच महिन्यांत विते, अनेकदा जुळी, आणि रात्री-बेरात्री कधीही. अल्पाकाची मादी साडेअकरा महिने गाभण राहते, एकच पिल्लू देते, तेही बहुतेक सकाळी ते दुपारच्या सुमारास. म्हणजे झोपमोड नाही. संध्याकाळी कळा देताना दिसली तर मात्र लगेच डॉक्टरला फोन करायचा. गाभण आहे का हे कळायला सोनोग्राफी असतेच. एरवी नर जवळ आणला की गाभण मादी त्याच्यावर थुंकते आणि मिलनासाठी बसायला नकार देते. व्याल्यावर ती पिल्लाला मेंढीसारखं चाटून कोरडं करत नाही. थंडी असेल तर टॉवेल घेऊन तुम्हीच पुढे व्हायचं. वारेतून पिल्लाला रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही, कोकराचंही तेच. पहिल्या काही तासांतल्या चिकावर सगळं अवलंबून. कोकरू प्यायलं नाही तर नळीने चीक पोटात सोडून मेंढपाळ पुढच्या कामाला लागतो. अल्पाकाचं पिल्लू साधारण दिवसभराचं झालं की रक्त तपासतात आणि रोगप्रतिकारक शक्तीची कमतरता निघाली तर शिरेतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव भाग, देतात. तो गोठवून ठेवलेला हवा आणि देणारा हातही हवा.

या सगळ्यामागे हिशोब एकच आहे. मेंढ्यांचा डॉक्टर कळपावर इलाज करतो, अल्पाकाचा डॉक्टर एकेका जनावरावर. मेंढीचं गेलेलं कोकरू पुढच्या विणीत भरून निघतं. अल्पाकाचं पिल्लू गेलं की वर्ष गेलं. पंधरा-वीस वर्षं जगणाऱ्या जनावरावर तपासण्यांचा खर्च करायला माणूस तयारही होतो, आणि खरं सांगायचं तर त्याला नावाने हाक मारत असल्यामुळेही.

म्हणून जनावर बघायला जाण्याआधी जवळच्या डॉक्टरला विचारा: अल्पाकाच्या मानेतून रक्त काढलंय का? भूल दिलीय का? प्लाझ्मा कुठून आणता? सुट्टीच्या दिवशी याल का? उत्तर ‘मेंढीसारखंच असणार’ असं आलं तर मेंढी घ्या. मांसाचं उत्पन्नही हवं असेल तरी मेंढीच. जमीन थोडी आहे, जनावरं मोजकी ठेवायची आहेत आणि प्रत्येकाला हात लावून तपासायची तयारी आहे, तर अल्पाका घ्या. पण सुरुवात तीन-चार खच्ची नरांनी करा. लोकर तेवढीच मिळते आणि विणीचं अख्खं प्रकरण टळतं.

दोन्ही एकत्र ठेवायचा मोह होतो. जंत सामाईक असतात, त्यामुळे एकाच कुरणात आलटून पालटून चारून काही साधत नाही. खुराकाची भांडी आणि पोती तर पूर्ण वेगळी ठेवा. मेंढ्यांच्या तयार खुराकात कधी कधी मोनेन्सिन हे परजीवींवरचं औषध मिसळलेलं असतं, मेंढीला ते ठरावीक प्रमाणात चालतं, अल्पाकाचा त्याने जीव जातो. गुरांसाठीच्या तांबं घातलेल्या खनिज मिश्रणापासून दोघांनाही लांब ठेवा, आणि कुंपणाला कण्हेर असेल तर जनावरं आणण्याआधी मुळासकट उपटा.