इंजिन सर्वांचे, गाडी एकट्याची: जुन्या लिनिया डिझेलसोबत १४ महिने

जून २०२४ मध्ये मी २०१४ च्या बनावटीची फियाट लिनिया १.३ मल्टिजेट विकत घेतली. त्या वेळी तिचे ७८,२०० किलोमीटर झाले होते. आज, १४ महिन्यांनंतर, ९४,९०० झाले आहेत. घर कोथरूडला आहे आणि गाव कराडजवळ, एका बाजूने साधारण १६५ किलोमीटर अंतरावर. महिन्यातून दोनदा आईला घेऊन गावी जाणे, उरलेले दिवस शाळा, भाजी, दवाखाना, असा वापर आहे. नोकरीच्या ठिकाणी कंपनीची बस जाते, त्यामुळे रोजच्या कोंडीत ही गाडी फारशी जात नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचा सारा अनुभव या वापरावर अवलंबून आहे.

गाडी घेताना ओळखीच्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: "बंद पडलेल्या कंपनीची गाडी का घेतोस?" प्रश्न रास्त होता. फियाटच्या मोटारी आपल्याकडे रांजणगावच्या कारखान्यात, टाटांबरोबरच्या भागीदारीत तयार होत आणि सुरुवातीला टाटांच्याच शोरूममधून विकल्या जात. २०१२ मध्ये विक्रीची ही व्यवस्था वेगळी करण्याचे ठरले, फियाटने स्वतःची शोरूम उघडली, पण खप वाढला नाही. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाची बीएस ६ मानके लागू होईपर्यंत हा ब्रँड भारतीय बाजारातून गेलेला होता. म्हणजे माझ्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर जन्मलेली गाडी आज माझ्याच शहरात पोरकी आहे.

पण तिचे इंजिन पोरके नाही. १२४८ सीसीचे हेच मूळ इंजिन २००७ पासून मारुतीने स्विफ्टमध्ये डीडीआयएस या नावाने वापरले, पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझमध्ये वापरले. टाटांनी व्हिस्टा आणि मांझामध्ये क्वाड्राजेट म्हणून वापरले. त्याला देशाचे राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणत ते उगीच नाही. पुण्यात असा फिटर शोधून सापडणार नाही, ज्याने हे इंजिन कधी उघडलेले नाही. ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, इंजेक्टरची दुरुस्ती, टायमिंग चेनचा (इंजिनाच्या आतल्या भागांचा मेळ राखणाऱ्या साखळीचा) संच यांसाठी मला आजवर एक दिवसही थांबावे लागले नाही. फक्त टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, बाबतीत सावध राहावे. स्विफ्टमधले रूप ७५ पीएसचे, साध्या टर्बोचे होते; माझ्या गाडीत बदलत्या पात्यांचा टर्बो आहे आणि शक्ती ९३ पीएस, टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, २०९ न्यूटन मीटर आहे. तेव्हा इंजिन तेच म्हणून कोणाचाही टर्बो बसेल असे समजू नये.

या इंजिनामागची परंपराही सांगण्यासारखी आहे. डिझेलच्या मोटारींत आज सर्वत्र दिसणारी कॉमन रेल पद्धत (सर्व इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने इंधन पुरवण्याची) प्रथम फियाट समूहात विकसित झाली, नंतर तिचे हक्क बॉशकडे गेले आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही त्या पद्धतीची पहिली प्रवासी मोटार बाजारात आली. मल्टिजेट ही त्यापुढची पायरी: एकाच ज्वलनचक्रात इंधनाचे अनेक छोटे फवारे सोडायचे, म्हणजे ज्वलन एकदम भडकत नाही आणि इंजिनाचा खडखडाट कमी होतो. सकाळी गार असताना माझी गाडी डिझेलसारखीच वाजते, ते खरे; पण पाच मिनिटांत आवाज बसतो आणि महामार्गावर ताशी ८० च्या वेगात मागच्या आसनावरची आई पुढच्यांशी आवाज न चढवता बोलू शकते.

आता चालवण्याविषयी. मिनिटाला साधारण १,८०० फेऱ्यांच्या खाली हे इंजिन निद्रिस्त असते. कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटताना, किंवा उड्डाणपुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना ही उणीव ठळक जाणवते. पहिले दोन महिने मी सतत चुकीच्या गिअरमध्ये असे आणि माझी पत्नी, जी आधी पेट्रोल हॅचबॅक चालवत होती, ती तर चिडून गाडी परत द्यायला सांगत होती. मग उमगले की शहरात एक गिअर खालचाच ठेवायचा आणि क्लचवर पाय ठेवून बसायचे नाही. एकदा २,००० फेऱ्या ओलांडल्या की चित्र बदलते. खंबाटकी घाट चौघांसह, डिकीत तांदळाचे पोते आणि बॅगा भरून, तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढतो. पुढे ट्रक असला तरी तो ओलांडण्यासाठी जीव मुठीत धरावा लागत नाही.

आणि खरे सुख आहे ते स्टिअरिंगमध्ये. ते हायड्रॉलिक आहे. पार्किंग करताना जड लागते, हे कबूल. पण वेग वाढला की चाकाखालचा रस्ता हाताला कळतो, गाडी एका रेषेत बसून राहते, आणि सातारा रस्त्यावर पावसात ट्रेलरच्या शेजारून जाताना जो भरवसा वाटतो तो त्याच पैशांत पाहिलेल्या इतर चार गाड्यांत मला वाटला नाही. खड्ड्यांवरची तिची चालही तशीच. आईच्या दोन्ही गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. आधीच्या गाडीतून कराडला पोहोचल्यावर ती अर्धा तास आडवी होत असे. आता उतरून थेट चहा टाकते. माझ्यासाठी हा सौदा इथेच वसूल झाला. ५०० लिटरची डिकी, मागे पाय ठेवायला पुरेशी जागा, जाड पत्र्याचे दार बंद होताना येणारा भरीव आवाज, या गोष्टी कोणीही पाच मिनिटांत पाहू शकेल, त्यावर जास्त लिहीत नाही.

टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल या हिशेबाने शहरात लिटरमागे १३ ते १४ किलोमीटर आणि कराडच्या फेरीत १८ ते १९ किलोमीटर मिळतात. टाकी ४५ लिटरची आहे.

खर्चाची बाजू स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. घेतल्याबरोबर ऑइल, सर्व फिल्टर, कूलंट आणि ब्रेक पॅड बदलले. त्यानंतर पुढच्या सस्पेन्शनचे लोअर आर्म, लिंक रॉड आणि इंजिनाचा एक माउंट बदलला. दहा वर्षांचे रबर आणि आपले रस्ते, दोन्हींचा तो परिणाम होता. कंपनीने सर्व्हिसचा टप्पा १५,००० किलोमीटरचा सांगितलेला असला तरी मी ऑइल दर ७,५०० ला बदलतो. कारण सरळ आहे: या इंजिनात पट्टा नसून चेन आहे, तिचा ताण ऑइलच्या दाबावर राखला जातो आणि टर्बोची बेअरिंगही त्याच ऑइलवर जगते. ऑइलमध्ये कंजुषी करणारा मालक पुढे इंजिन खोलतो. वारज्याला माझी गाडी पाहणारे ज्येष्ठ मेकॅनिक पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "साहेब, इंजिनाचं मला विचारूच नका, ते माझ्यावर सोडा. काचा, लाइटा, प्लास्टिक तेवढं तुम्ही जपा."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला डिसेंबरमध्ये समजला. सिग्नलला मागून एका स्कूटरची धडक बसली. पत्रा वाचला, पण डावीकडचा मागचा दिवा फुटला. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने आगाऊ रक्कम घेतली आणि सात आठवडे "येतोय" असे सांगून शेवटी ती परत केली. नाना पेठेत सहा दुकाने फिरलो. स्विफ्टचा दिवा सगळीकडे होता, लिनियाचा कुठेच नव्हता. दोन रविवार जुन्या बाजारात घालवले, तिथे उजवीकडचा मिळाला, डावीकडचा नाही. अखेर लिनिया मालकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटातून कोल्हापूरला भंगारात निघालेल्या गाडीचा पत्ता लागला आणि दिवा एसटीच्या पार्सलने स्वारगेटला आला. पैसे नव्या दिव्याच्या निम्मे लागले. वेळ दोन महिने गेला आणि तोवर लाल टेप लावून फिरताना रात्री मला सतत मागची धास्ती असे. ज्यांना एकच गाडी आहे आणि ती एक दिवसही उभी राहून चालणार नाही, त्यांनी या प्रसंगावरून निर्णय घ्यावा; मी त्यांना लिनिया सुचवणार नाही.

जुनी लिनिया पाहायला जाणाऱ्यांनी विक्रेत्याला आधी सांगावे की गाडी रात्रभर उभी ठेवा, आम्ही आल्याशिवाय सुरू करू नका. गार इंजिन सुरू होताना चेनची खळखळ दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त राहिली, तर किंमत कितीही कमी असो, परत फिरावे. मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाब देऊन बघावे. टर्बोची पाती काजळीने अडकली असतील किंवा धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह तुंबला असेल तर गाडी तिथे दम टाकते. केवळ शहरात हळू हळू चाललेल्या गाडीत हा दोष अधिक दिसतो, म्हणून कमी किलोमीटर पाहून हुरळून जाऊ नये. युरोपात याच इंजिनाला काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो. आपल्या बीएस ४ गाड्यांत तो नाही, ही चिंता वाचते. दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात. दिवे, आरसे, दारांचे कडे, खिडक्यांच्या काचा वर-खाली होतात का, हे इंजिनापेक्षा जास्त वेळ देऊन तपासावे. पासिंगची मुदतही बघावी: माझ्या गाडीची २०२९ पर्यंत आहे, त्यानंतर नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागेल.

तेव्हापर्यंत गाडी ठेवण्याचा माझा विचार पक्का आहे. जुन्या बाजारातला तो उजवीकडचा दिवा मी त्याच दिवशी घेऊन ठेवला होता. तो माळ्यावर, गोधडीत गुंडाळलेला आहे, आणि त्याच्या शेजारी गेल्या महिन्यात कोल्हापूरहूनच मागवलेले दोन आरसे आहेत.