टॅटू काढावा का? काढायचाच तर कुठे, केवढा आणि कसा?

"टॅटू काढू का?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, "कुठे?" चित्र बहुतेकांचं ठरलेलं असतं. त्यामागची आठवण, फोनमध्ये जमवलेले नमुने, सगळं तयार असतं. जागेबद्दल मात्र "मनगटावर वगैरे" असं मोघम उत्तर येतं. माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी जागा, मग आकार, मग काढणारा माणूस आणि शेवटी चित्र. चित्र आवडतं असूनही टॅटू नकोसा होतो, तेव्हा बहुधा या पहिल्या तिघांपैकी कुठेतरी घाई झालेली असते.

अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत ३२ टक्के प्रौढांच्या अंगावर किमान एक टॅटू होता. त्यांतल्या २४ टक्क्यांना आपल्या एखाद्या तरी टॅटूचा पश्चात्ताप झाला होता. म्हणजे चारातले तिघे खूश आहेत. टॅटू म्हटलं की पस्तावा ठरलेलाच, हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य त्यामुळे खरं नाही. पण चारातला एक हे प्रमाणही दुर्लक्ष करण्याइतकं लहान नाही.

कायमचा की तात्पुरता

टॅटूची सुई त्वचेचा वरचा थर ओलांडून साधारण १ ते २ मिलिमीटर खाली शाई सोडते. वरचा थर सतत झडत असतो आणि नवा येत असतो, आतला तसा झडत नाही. शाई आत गेली की शरीर तिला परकी समजतं. मॅक्रोफेज नावाच्या पेशी रंगाचे कण गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. फ्रेंच संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की अशी पेशी मेली की कण बाहेर पडतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. रंग टिकतो तो या हस्तांतरामुळे. वर्षं जातात तशी रेघ थोडी पसरते, कडा मऊ होतात. हे काढणाऱ्याचं अपयश नव्हे, शाई जिवंत कातडीत आहे म्हणून तसं होतं.

मेंदी याच्या अगदी उलट. ती फक्त वरच्या, झडणाऱ्या थराला रंगवते, म्हणून एक ते तीन आठवड्यांत जाते. जागुआ नावाच्या फळाच्या रसाचा रंग निळसर काळा येतो, त्यामुळे तो खऱ्या टॅटूच्या जास्त जवळ दिसतो आणि एक-दोन आठवडे राहतो. स्टिकर दोन-चार दिवसांत उतरतो.

तुमचं अजून ठरत नसेल तर जागुआ किंवा स्टिकर त्याच जागी, त्याच आकारात लावून बघा. तो उतरला की पुन्हा लावा. आरशात रोज दिसल्यावर कसं वाटतं, लोक विचारतात तेव्हा सांगावंसं वाटतं की टाळावंसं, हे पंधरा दिवसांत बरंच उलगडतं. दुखणं आणि जखम भरणं यांचा अंदाज मात्र त्यातून येत नाही.

'काळी मेंदी' मात्र अजिबात लावू नका. खरी मेंदी काळी नसते. तो काळेपणा आणण्यासाठी बऱ्याचदा केस रंगवण्याच्या डायमधलं पीपीडी हे रसायन मिसळलेलं असतं. त्याने फोड येतात, कधी व्रण राहतात. एकदा या रसायनाची अ‍ॅलर्जी जडली की पुढे साधा हेअर डायसुद्धा चालत नाही. तात्पुरती म्हणून निर्धास्तपणे लावलेली गोष्ट अशी जन्मभर पुरते.

वर्षभरात आपोआप विरेल, असं सांगून विकल्या जाणाऱ्या शाईवरही मी भरवसा ठेवणार नाही. सुई त्याच थरात जाते, आणि सांगितलेली मुदत उलटून गेली तरी रंग तसाच राहिल्याचे अनुभव पुष्कळांचे आहेत. जन्मभर चालणार असेल तरच सुई लावून घ्या.

दिसणारा की झाकलेला

खरी ओढाताण इथे होते, कारण इथे प्रश्न कातडीचा कमी आणि माणसांचा जास्त असतो.

टॅटू ही नवी थेरं नाहीत, एवढं तरी घरच्यांशी बोलताना सांगता येतं. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला, ओत्झी म्हणून ओळखला जाणारा सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस अंगावर ६१ खुणा घेऊन होता. त्यातल्या बऱ्याच कंबर, गुडघा, घोटा अशा दुखऱ्या जागांजवळ आहेत, त्यामुळे त्या उपचाराचा भाग असाव्यात असं अनेक अभ्यासकांना वाटतं. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जपानमध्ये १८७२ ते १९४८ टॅटूवर बंदी होती, गुन्हेगारी टोळ्यांशी त्याचं नातं जोडलं गेलं आणि आजही तिथल्या अनेक सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू दिसला तर प्रवेश मिळत नाही. काही धर्मांमध्येही शरीरावर कायमची खूण करण्याला विरोध आहे. म्हणजे नापसंती ही फक्त तुमच्याच आईबाबांची गोष्ट नाही, तिलाही मोठा इतिहास आहे.

मी विरोधाचे तीन वेगळे कप्पे करते. पहिला नियमांचा. गणवेशाच्या नोकऱ्या, सैन्यदलं, विमानातली सेवा, काही हॉटेलं, इथे टॅटू कुठे चालतो आणि कुठे नाही याचे लेखी नियम असतात. पुढे त्या वाटेला जायचा विचार मनात जरी असेल तरी आधी नियम वाचा. "आजकाल सगळीकडे चालतं" हे मित्राचं वाक्य मुलाखतीत कामाला येत नाही. दुसरा कप्पा घरच्यांचा. त्यांचा नियम नसतो, त्यांना वाईट वाटतं, आणि ते मला नियमापेक्षा मोठं वाटतं. परवानगी मागा असं मी म्हणत नाही, तुम्ही सज्ञान आहात. पण एका घरात राहत असाल तर आधी सांगा. लपवून केलेल्या टॅटूवरून होणाऱ्या भांडणात टॅटू बाजूलाच राहतो, "आम्हाला सांगितलंही नाहीस" हेच वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. आधी सांगितलं की आई चार दिवस अबोला धरेल, पण तिला न सांगता काही घडलं असं तरी होणार नाही. तिसरा कप्पा उरलेल्या सगळ्यांचा: शेजारी, लांबचे नातेवाईक, रस्त्यावरचे लोक. यांच्या मताला शून्य किंमत द्या.

हे तीन कप्पे तपासून झाले की जागा जवळपास ठरतेच. पहिल्या टॅटूसाठी मी दंडाची बाहेरची बाजू किंवा पोटरी सांगेन. दुखतं कमी, कातडी फार ताणली जात नाही, ऊन बेताचं लागतं आणि कपड्याने झाकता येतं. दंडावर काढायचा असेल तर अर्ध्या बाहीचा शर्ट घालून हात डोक्यावर न्या, खाली आणा, फोन कानाला लावा. बाही कुठवर सरकते ते पेनाने खूण करून बघा. झाकला जाईल असं वाटलेला टॅटू हात उचलला की निम्मा बाहेर येतो, हे तेव्हाच कळतं.

मनगट आणि हाताची पुढची बाजू सुंदर दिसते, पण ती रोज प्रत्येकाला दिसणार. बरगड्या, पाठीचा कणा, घोटा इथे हाडाजवळ सुई चांगलीच जाणवते. बोटं, तळवे, पावलांच्या कडा यांची कातडी सतत घासली जाते, त्यामुळे तिथला रंग लवकर उडतो आणि पुन्हा पुन्हा भरावा लागतो. मान, चेहरा आणि हाताचा पंजा पहिल्या टॅटूसाठी नकोच. अनेक जाणते कलाकार त्याला स्वतःहून नाही म्हणतात, आणि असा कलाकार भेटला तर त्याच्याकडेच दुसऱ्या जागी काढून घ्या.

नाजूक रेघ की ठसठशीत

नुकताच काढलेला नाजूक रेघेचा टॅटू फोटोत फार मोहक दिसतो. निवड करताना मात्र त्याच कलाकाराने चार-पाच वर्षांपूर्वी काढलेल्या कामाचे आजचे फोटो मागा. ठसठशीत रेघ आणि मोकळी जागा असलेलं चित्र पसरलं तरी ओळखू येतं. नाजूक रेघेला पसरायला जागाच नसते.

देवनागरीत हे जास्तच जाणवतं. माझ्या मावसभावाने आजीचं नाव मनगटाच्या आत अगदी बारीक अक्षरांत लिहून घेतलं. सुरुवातीला छापल्यासारखं दिसायचं. आता त्यातल्या जोडाक्षराचा ठिपका झालाय, अनुस्वार शिरोरेषेला टेकलाय आणि अनोळखी माणसाला ते नाव वाचताच येत नाही. त्याला त्याचं वाईट वाटत नाही, आजीचं आहे ना, असं म्हणतो. पण वाचता यावं अशी तुमची इच्छा असेल तर अक्षराची उंची सेंटिमीटरभर तरी ठेवा. ष, भ, ध, ज्ञ यांच्या पोटातली पोकळी आणि मात्रेच्या दोन रेघांमधलं अंतर मुद्दाम मोकळं ठेवायला सांगा.

लिपी न वाचणारा कलाकार अक्षराकडे चित्र म्हणून बघतो. त्याला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कळण्याचं कारण नाही. फॉन्ट बिघडून पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे गेलेली किंवा जोडाक्षर फुटून मध्ये हलन्त आलेला मजकूर तो तसाच्या तसा गोंदवेल. म्हणून मजकूर कागदावर छापून दोघा-तिघांकडून वाचून घ्या. स्टेन्सिल अंगावर उमटली की सुई लावायच्या आधी तिचा फोटो काढा आणि फोटोत वाचा. आरशात अक्षरं उलटी दिसतात, तिथे चूक सहज निसटते.

काळा की रंगीत

इथे माझा कौल सरळ काळ्याला आहे. काळी शाई सावळ्या कातडीवर उठून दिसते, जास्त टिकते आणि नकोशी झाली तर लेझरला सर्वांत चांगली दाद देते. फिकट पिवळा, गुलाबी, आकाशी हे रंग गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मळकट होतात, कारण ते त्वचेच्या स्वतःच्या रंगाखालून दिसतात. अ‍ॅलर्जीच्या तक्रारींत लाल रंग सर्वांत पुढे असतो, आणि ती काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही उद्भवते. युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत. रंगीतच हवा असेल तर शाईचं नाव विचारा आणि बाटलीवरचं लेबल स्वतः वाचा.

तब्येत आणि स्टुडिओ

जखमेनंतर ज्यांना जाड, फुगलेला व्रण येतो, म्हणजे केलॉइड, त्यांनी टॅटूच्या नादी लागू नये. टॅटू म्हणजे शेकडो बारीक जखमाच. सोरायसिस हा त्वचेचा आजार असेल तर सुईच्या जागी नवा चट्टा उठू शकतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा मधुमेह आटोक्यात नसेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात थांबा. तिळावरून कधीच टॅटू काढू नका, कारण तीळ बदलतोय का हे मग दिसत नाही. रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर काही महिने, काही देशांत वर्षभरही थांबावं लागतं.

स्वीडनमधल्या २०२४ च्या एका अभ्यासात टॅटू असलेल्यांत लिम्फोमा या कर्करोगाचं प्रमाण काहीसं जास्त आढळलं. पण मोठ्या टॅटूत ते आणखी वाढलेलं दिसलं नाही, आणि टॅटूमुळेच तसं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. यावरून घाबरून जाऊ नका, पण ही माहिती आपल्याला असावी.

रोजचा धोका याहून साधा आहे: अस्वच्छता. हिपॅटायटिस बी आणि सी अस्वच्छ सुईतून पसरतात. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे, शाई तुमच्यापुरत्या छोट्या टोपणात ओतलेली आणि ती पातळ करायला निर्जंतुक पाणीच वापरलेलं असलं पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये २०११-१२ साली १९ जणांना त्वचेचा चिवट संसर्ग झाला. त्याचं मूळ आधीच पाणी घालून आलेल्या करड्या शाईत सापडलं. सुई स्वच्छ असणं पुरेसं नाही, ते यावरून कळतं. घरी मशीन आणून काढणाऱ्या ओळखीच्या मुलाकडे फुकटातही जाऊ नका.

सुट्टीच्या तोंडावरही नको. वरची जखम भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्या काळात पोहणं आणि कडक ऊन बंद.

नकोसा झाला तर: लेझर की कव्हर-अप

"आवडला नाही तर लेझरने घालवू" हे मनात ठेवून टॅटू काढणाऱ्यांनी हे नीट वाचावं. लेझर रंगाचे कण फोडतो, आणि मग शरीर हळूहळू ते वाहून नेतं. त्यासाठी सहा ते बारा बैठका लागू शकतात, दोन बैठकांमध्ये सहा-आठ आठवडे जातात. म्हणजे एखाददोन वर्षं. काढायला तास-दोन तास लागलेल्या चित्रासाठी! हिरवा आणि पिवळा रंग हट्टी असतात. पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची शाई लेझरखाली उलट काळीही पडते. सावळ्या त्वचेवर डाग राहण्याचा धोका जास्त, म्हणून अशा त्वचेचा अनुभव असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावं.

कव्हर-अप म्हणजे जुन्यावर नवं चित्र. ते लवकर होतं, पण नवं चित्र जुन्यापेक्षा बरंच मोठं आणि गडद घ्यावं लागतं. लहानसं नाव झाकायला तळहाताएवढं फूल लागतं. टॅटूच नको झाला असेल तर कव्हर-अपने प्रश्न वाढतो. फक्त ते चित्र किंवा ते नाव नको असेल तर मात्र माझी पसंती कव्हर-अपला. त्यातही आधी लेझरच्या दोन-तीन बैठका घेऊन जुना रंग फिका करून घ्या. मग कलाकाराला निवडीला वाव मिळतो आणि सगळं काळंच भरावं लागत नाही.