बेटब्लॉकर अ‍ॅप : घ्या, पण मुदत मोठी निवडा

सट्ट्याच्या साइट आणि अ‍ॅप उघडूच न देणारं हे अ‍ॅप एक धर्मादाय संस्था चालवते. ते मोफत आहे, खातं काढावं लागत नाही, फोनवर आणि कम्प्युटरवर दोन्हीकडे चालतं. किती काळ बंदी हवी ते आपणच ठरवायचं, 24 तासांपासून 5 वर्षांपर्यंत. एकदा सुरू केलं की मुदत संपेपर्यंत बंदी उठत नाही. माझ्या धाकट्या भावाने ते घेतलंय.

भाऊ हिशेबात कच्चा नाही. रुले म्हणजे फिरत्या चाकावरची गोळी कोणत्या आकड्यावर किंवा लाल-काळ्यापैकी कोणत्या रंगावर थांबेल यावर पैसे लावायचा खेळ. एका शून्याच्या रुलेत 37 घरं असतात आणि एका आकड्यावर जिंकलं तर 35 पटच मिळतात, म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी 2.7 कॅसिनोच्या खिशात जातात, हे त्यानेच मला शिकवलं. पण हरायला लागला की डोक्यात एकच गोष्ट राहते : गेलेले काढायचे. अजून किती जाऊ शकतील, हा विचार शिवतही नाही. लाल सारखं आलं की आता काळं येणारच, अशी खात्री. 1913 मध्ये मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत काळं सलग 26 वेळा आलं आणि लोक लालवर लावून बुडाले, हेही त्याला पाठ आहे. त्या घटकेला त्याचा काही उपयोग होत नाही.

हे एकट्या त्याचं नाही. 1994 साली मेंदूच्या अभ्यासकांनी पत्त्यांच्या चार गड्ड्यांची एक चाचणी मांडली. दोन गड्ड्यांत मोठी बक्षिसं आणि त्याहून मोठे दंड, उरलेल्या दोनांत थोडं थोडं मिळतं पण शेवटी फायदा. बहुतेक माणसं काही वेळाने वाईट गड्डे सोडतात. जुगाराचा विकार जडलेले अनेकजण तिथेच पत्ते उचलत राहतात, मोठ्या बक्षिसाच्या ओढीने.

म्हणून मला या अ‍ॅपची किंमत वाटते. जोखमीचा निर्णय ते हरण्याच्या घटकेपासून दूर नेतं, डोकं थंड असतानाच घ्यायला लावतं. 24 तासांची बंदी मात्र मला अगदी कुचकामी वाटते. भाऊ घड्याळाकडे बघत बसायचा आणि बंदी उठली की गेलेले काढायची घाई जशीच्या तशी. मग एका सकाळी, आदल्या रात्री काहीच खेळलेला नसताना, त्याने विचारलं, "तायडे, पाच वर्षं टाकू?" मी म्हटलं, "टाक."

दुसऱ्याचा फोन, मित्राकरवी लावलेली पैज, पत्त्यांचा अड्डा, यांपुढे अ‍ॅपचं काही चालत नाही. त्यासाठी समुपदेशन हवंच. भाऊ जातो, आणि "आता येणारच" या खात्रीवर तिथे थेट काम होतं. पैशांचे व्यवहारही काही काळ घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बघावेत. आणि अ‍ॅप घालाल तेव्हा घरातल्या सगळ्या यंत्रांवर एकाच दिवशी घाला, कपाटात पडलेल्या जुन्या टॅबलेटवरसुद्धा.