पहिली हाफ मॅरेथॉन क्लबबरोबर: सातारा की मुंबई?

आमच्या कराडच्या क्लबात एखाद्याला न थांबता दहा किलोमीटर पळता यायला लागले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पहिली २१ कुठे पळायची? उत्तरात बहुतेक वेळा दोनच नावे येतात. एक घराजवळची सातारा हिल हाफ मॅरेथॉन आणि दुसरी मुंबई मॅरेथॉनमधली हाफ. दोन्हींचे अंतर सारखेच, २१.०९७५ किलोमीटर. बाकी फारसे काही सारखे नाही.

माझे मत आधीच सांगतो. ज्याने याच वर्षी पळायला सुरुवात केली त्याने मुंबई धरावी. ज्याचा एक पावसाळा पळण्यात गेला आहे आणि ज्याने चढावर सराव केला आहे, त्याने खुशाल सातारा घ्यावी. घाट अवघड आणि मुंबई सपाट, एवढ्यावरून मी हे म्हणत नाही. शर्यतीच्या आधीचे चार महिने कसे जातात, ते त्याहून महत्त्वाचे आहे.

सरावाचे महिने

सातारा सप्टेंबरमध्ये असते, म्हणजे तयारी मे ते ऑगस्ट. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी साडेसातनंतर ऊन अंगावर येते, त्यामुळे रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, पहाटे पाचच्या आत सुरू करावा लागतो. जूनमध्ये पाऊस लागला की गारवा मिळतो, पण बूट आणि मोजे ओले होतात. ओल्या मोज्यात सात-आठ किलोमीटर झाले की टाचेला फोड येतो. पायाला, काखेत आणि मांड्यांना पेट्रोलियम जेली लावल्याशिवाय बाहेर पडू नका. बुटांत रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, ओल बरीच शोषली जाते. आणि सर्वांत लांब लाँग रन, सोळा ते अठरा किलोमीटरचे, नेमके श्रावण आणि गौरी-गणपतीच्या आसपास येतात. ज्यांच्या घरी गौरी बसतात त्या बायकांना त्या आठवड्यात पहाटे दोन तास बाहेर पडणे किती अवघड जाते, हे आमच्या क्लबातल्या ताई-वहिनी दरवर्षी सांगतात. एकट्याने पळणाऱ्याचा सराव इथेच तुटतो. चौकात पाचला चारजण वाट बघत उभे असतील तर माणूस पावसातही उठतो.

मुंबई जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, तयारी सप्टेंबर ते डिसेंबर. ऑक्टोबरच्या उन्हाचे दोन-तीन आठवडे सोडले तर पळण्यासाठी वर्षातला हा सर्वांत चांगला काळ. थंडीत नाडीचे ठोके आटोक्यात राहतात, त्याच वेगात दम कमी लागतो, आठवड्यागणिक अंतर वाढवता येते. नवख्याला स्वतःची प्रगती दिसणे फार गरजेचे असते आणि ती या महिन्यांत दिसते. आमच्या भागातली अडचण वेगळी आहे. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि प्रत्येक ट्रॉलीला मागे दिवा असतोच असे नाही. म्हणून रिफ्लेक्टर जॅकेट घालायचे, समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने एकामागे एक पळायचे आणि कानात हेडफोन घालायचा नाही. क्लबात याबाबत कुणालाही सूट नाही.

मार्ग

साताऱ्याची शर्यत शहरातून निघते आणि समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरच्या घाटाला लागते. घाट संपला तरी कासच्या रस्त्यावर लहानमोठे चढ-उतार चालूच राहतात. साधारण अर्ध्यावर वळून त्याच वाटेने खाली यायचे. ढग रस्त्यावर उतरलेले, उजव्या-डाव्या हाताला हिरवे डोंगर, मधूनच पावसाची सर. अशा हवेत पळायला मिळणे हे भाग्यच.

चढाची भीती सगळ्यांना असते, खरा त्रास उतार देतो. चढावर श्वास लागला की माणूस आपोआप मंदावतो किंवा चालतो, आणि यवतेश्वरला चालण्यात काही कमीपणा नाही. उतारावर वेग फुकटचा वाटतो. पण प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो, आणि अशा कामाने त्याचे तंतू जास्त दुखावतात. शर्यतीच्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. यावर उपाय आहे. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एकदोन वेळा लांब उतारावर मुद्दाम पळायचे. स्नायूला एकदा तो मार बसला की पुढचे काही आठवडे तो तेवढा दुखावत नाही. म्हणून ज्या क्लबाच्या हाताशी घाट आहे त्याच्या सभासदाला सातारा मानवते. सोलापूर किंवा लातूरसारख्या सपाटीवर सराव करणाऱ्याने आधी दोन रविवार तरी घाट गाठावा, नाहीतर पहिल्या वर्षी सातारा घेऊच नये.

मुंबईची हाफ अलीकडच्या वर्षांत माहीमच्या रेती बंदरावरून निघते. पुढे सी-लिंक, वरळी, हाजी अली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह आणि शेवट सीएसएमटीजवळ. सुरुवात पहाटे पाचच्या सुमाराला होते आणि जानेवारीत तिथे सूर्योदय सव्वासातच्या आसपास असतो, त्यामुळे बराचसा मार्ग अंधारातच संपतो. ज्या सी-लिंकवर एरवी पायी जाता येत नाही आणि दुचाकीही नेता येत नाही, तिथे दोन्ही बाजूंना समुद्र ठेवून पळायचे. पेडर रोडचा चढ आहे, पण यवतेश्वर पाहिलेल्याला तो जाणवतो एवढेच. मुंबईत खरा प्रश्न दमटपणाचा. तापमान कमी असले तरी घाम वाळत नाही. कराडच्या कोरड्या थंडीत तयारी केलेल्याने पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू काढावेत आणि प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन घोट घ्यावेत, तहान लागो न लागो.

क्लब म्हणून जाताना

या मुद्द्यावर माझे मन साताऱ्याकडे झुकते. जायची-यायची वाट एकच असल्यामुळे क्लबातला प्रत्येकजण प्रत्येकाला भेटतो. तुम्ही घाट चढत असता आणि तुमचे वेगवान सोबती वळून खाली येत असतात. नाव घेऊन हाक मारतात, हातावर टाळी देतात. थोड्या वेळाने तुम्ही उतरत असता आणि मागची मंडळी वर येत असतात, मग हाक मारायची पाळी तुमची. सातारकर ढोल-लेझीम घेऊन रस्त्यावर उतरतात ते वेगळेच. कराडहून तिथे जायला तास लागतो, दुपारच्या जेवणाला माणूस घरी.

मुंबईत क्लब विखुरतो. मागच्या टायमिंगप्रमाणे तुम्हाला वेगवेगळ्या गटात उभे करतात, आणि मार्ग एकतर्फी असल्याने पुढे गेलेला सोबती शेवटपर्यंत दिसत नाही. शिवाय बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, आधीच्या दिवसांत एक्स्पोत (शर्यतीआधी भरणाऱ्या प्रदर्शनात) स्वतः जाऊन घ्यावा लागतो, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. म्हणजे तीनशे किलोमीटर प्रवास, शनिवारची रात्र मुंबईत, पहाटे तीनला उठणे. रविवारी पहाटे विशेष लोकल सोडतात, त्यांचे वेळापत्रक आदल्या दिवशीच बघून ठेवा. शर्यत संपल्यावर भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा, कारण आझाद मैदानाच्या गर्दीत फोनवर भरवसा ठेवता येत नाही. पण पेडर रोडवर सकाळी दारात येऊन संत्री, केळी, चिक्की हातात ठेवणारी माणसे, मरीन ड्राइव्हवर तुमचा बिब वाचून नावाने ओरडणारी अनोळखी पोरे, हा पाठिंबा नवख्याला शेवटचे पाच किलोमीटर सहज ओढून नेतो.

आमच्या जिल्ह्यात मुंबईची ओढ आणखी एका कारणाने आहे. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने जानेवारी २०१४ मध्ये मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात विजयाची हॅट्ट्रिक केली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. क्लबात येणाऱ्या मुलींना मुंबई का पळायची हे समजावून सांगावे लागत नाही.

टायमिंग आणि नोंदणी

तुम्हाला चांगले टायमिंग हवे असेल तर पहिली हाफ साताऱ्यात नको. आमच्याकडे बहुतेकांना सपाट रस्त्यापेक्षा तिथे दहा ते वीस मिनिटे जास्त लागतात. नुसती पूर्ण करायची असेल तर प्रश्नच नाही. नोंदणीच्या तारखा दोन्हीकडे शर्यतीच्या कित्येक महिने आधी असतात आणि जागा भराभर भरतात, त्यामुळे क्लबातल्या एकाने तारखांवर लक्ष ठेवून सगळ्यांना कळवावे. मुंबईत जागा हुकली तर स्वयंसेवी संस्थांसाठी निधी उभा करून बिब मिळवण्याची सोय आहे. आपल्याला पटणाऱ्या कामासाठी ती जरूर वापरावी.

ज्यांची तब्येत आणि सराव दोन्ही जमून आले आहेत त्यांनी एकाच हंगामात दोन्ही घ्याव्यात. सप्टेंबरात सातारा झाली की दोन आठवडे हलके पळायचे, मग सपाटीवर वेगाचा सराव. घाटाने कमावलेले पाय मुंबईत उपयोगी पडतात. उलटा क्रम, जानेवारीत मुंबई आणि सप्टेंबरात सातारा, हाही चांगला, फक्त मधला उन्हाळा सराव सोडायचा नाही.

दोन्हीकडे जागा मिळाली नाही तर डिसेंबरकडे बघा. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासूनची आणि तेव्हा पुण्यात थंडी असते. वसई-विरारला मुंबईसारखी दमट हवा आहे, पण गावच्या गाव रस्त्यावर येते. कराड-सांगलीकडच्या क्लबांना प्रवासाच्या दृष्टीने पुणे सोयीचे, ठाणे-पालघरच्या मंडळींना वसई-विरार.