उन्हाळ्यातला लेक ट्राउट: उभी जिग की डाउनरिगर?

जुलै-ऑगस्टमध्ये ऑन्टारिओतल्या तळ्यांवर लेक ट्राउट गरवायला निघालात की खिशाला हात घालण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. बोट माशाच्या डोक्यावर धरून जिग, म्हणजे वजन बसवलेली आमिषाची गरी, सरळ खाली सोडायची, की डाउनरिगर, म्हणजे आमिष खोल नेणारा वजनदार गोळा, बसवून चालत्या बोटीमागे आमिष ओढायचं? टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना सिमको तळं गाडीने तासा-सव्वा तासावर पडतं, म्हणून उदाहरणं बरीचशी तिथली घेतली आहेत. मासा दोन्ही पद्धतींनी मिळतो. पण लहान बोट, दोन माणसं आणि बरा सोनार (पाण्याखालचा मासा नि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र) एवढंच हाताशी असेल, तर आमचा कौल जिगला.

मासा असतो कुठे

लेक ट्राउटला ८ ते १२ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. उन्हाळ्यात तळ्याचे थर पडतात. वरचं पाणी २० अंशांच्या पुढे जातं, मग साधारण १० ते १५ मीटरच्या दरम्यान थोड्याच अंतरात तापमान झपकन उतरतं. हा पट्टा म्हणजे थर्मोक्लाइन, आणि त्याच्या खाली गारठा. सिमकोची कमाल खोली ४१ मीटर, त्यामुळे मासा बहुतेक वेळा २० ते ३५ मीटरवर, म्हणजे कोकणातल्या मापाने ११ ते १९ वाव पाण्यात, तळाला लगटून असतो. न्यूयॉर्कमधलं सेनेका तळं १८८ मीटर खोल आहे. तिथे किंवा लेक ऑन्टारिओसारख्या अफाट पाण्यात मासा तळापासून बराच वर, मधल्या पाण्यात पांगलेलाही सापडतो. तळाशी गोळा झालेला मासा जिगचा, पांगलेला मासा डाउनरिगरचा, अशी पहिली ढोबळ वाटणी करायला हरकत नाही.

जिगिंगला काय लागतं

सामान थोडं आहे, पण त्यात तडजोड चालत नाही. सात फुटी, मीडियम-हेवी, टोक चपळ असलेला स्पिनिंग रॉड. २५०० किंवा ३००० नंबरचं रील. १० ते १५ पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली, दोरी. तिच्या टोकाला छोटं स्विव्हल (फिरती कडी) आणि मग १० ते १२ पौंडांचा दोन-तीन मीटर फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे जिगला जोडायचा पुढचा तुकडा. स्विव्हल गाळू नका. जिग पडताना गरगरते आणि दिवसभरात दोरीला इतका पीळ बसतो की रीलवरून वेटोळीच्या वेटोळी सुटतात.

तंगूस म्हणजे साधा नायलॉन इथे उपयोगाचा नाही. तो ताणतो, आणि ३० मीटर खाली माशाने जिग तोंडात धरून सोडली तरी बोटाला पत्ता लागत नाही. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, म्हणून खालची टिचकी थेट बोटापर्यंत पोचते.

जिगमध्ये आमची पहिली पसंती चार इंची पांढऱ्या ट्यूबला, म्हणजे मऊ पोकळ प्लास्टिकच्या आमिषाला, आत १ औंसाचं (२८ ग्रॅम) डोकं बसवलेलं. वारा असेल किंवा खोली ३० मीटरच्या पुढे असेल तर दीड औंस. ट्यूब सरळ खाली जात नाही, गिरक्या घेत उतरते, आणि जखमी छोट्या माशासारखी हीच चाल लेक ट्राउटला भुलवते. धातूचा जिगिंग स्पून लवकर तळ गाठतो, त्यामुळे सोनारवर आत्ता दिसलेल्या माशापर्यंत झटकन पोचायला तो चांगला. पण त्याचा तीनमुखी गळ जाळीत अडकतो आणि मासा सोडताना जास्त इजा करतो. रंगावर डोकं शिणवू नका. तेवढ्या खोलीवर लाल सर्वांत आधी मावळतो, उरतो तो फिका-गडद एवढाच फरक. पांढरी एक आणि गोबी माशासारखी हिरवट-तपकिरी एक, एवढ्यावर मोसम निघतो.

बोट धरणं, इथेच बहुतेकांचं फसतं

सोनारचा शंकू २० अंशांचा असेल तर ३० मीटर खोलीवर तो साधारण साडेदहा मीटर रुंद वर्तुळ पाहतो, म्हणजे बोटीखालून कुठल्याही बाजूला पाच मीटरच्या आसपास. एक औंसाच्या जिगला तळ गाठायला २० ते ३० सेकंद लागतात. वाऱ्याने बोट ताशी १ किलोमीटरने वाहत असेल तर २५ सेकंदांत ती सात मीटर सरकते. जिग पोचते तेव्हा मासा शंकूबाहेर मागे राहिलेला असतो, आणि तुम्ही रिकाम्या तळावर जिग नाचवत बसता. वेग ताशी ३०० मीटरवर आणलात तर तेवढ्याच वेळात बोट जेमतेम दोन मीटर हलते.

म्हणून पुढच्या टोकाला जीपीएसने जागा धरून ठेवणारी इलेक्ट्रिक मोटर असेल तर तिच्याइतकं उपयोगी काही नाही. ती नसेल तर ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात सोडायचा कापडी ब्रेक, वाऱ्याच्या बाजूला बांधा. नांगर टाकण्याचा मोह होतो, पण मासा फिरता असतो. तो निघून गेला की ३० मीटर दोर ओढून जागा बदलताना हात भरून येतात. दोरी ३० अंशांहून जास्त तिरकी झाली की जिग जड करा किंवा वर घेऊन पुन्हा सोडा.

जिग चालवायची कशी

सोनारच्या ट्रान्सड्यूसरशेजारूनच, म्हणजे पाण्यात लहरी सोडणाऱ्या त्याच्या भागाजवळूनच, जिग सोडा. पडद्यावर तिची तिरकी रेघ उतरताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सेन्सिटिव्हिटी वाढवा. तरीही नाही दिसली तर ट्रान्सड्यूसर वाकडा बसलाय का ते बघा. बहुतेक वेळा कारण तेच निघतं. जिग तळाला टेकली की अर्धा मीटर उचला आणि दोरी किंचित सैल ठेवून पडू द्या. अगदीच सैल सोडलीत तर टिचकी कळत नाही, ताणून धरलीत तर ट्यूब गिरकी घेत नाही. मासा पडत्या जिगलाच जास्त लागतो, आणि ते कळतं दोन प्रकारे: एक बारीक टक्क, नाहीतर तळ यायच्या आतच ढिली पडलेली दोरी. दुसऱ्या प्रकारात नवखा माणूस जिग टेकली असं समजून मासा घालवतो.

आता या पद्धतीची खरी गोडी. पडद्यावर तळाची एक जाड रेघ सुटून जिगच्या रेघेकडे वर सरकू लागली की जिग थांबवू नका. सारख्या वेगाने गुंडाळायला लागा, दहा-पंधरा वेढे, लागलं तर अजून. लेक ट्राउट पाठलाग करणारा मासा आहे. पळणारं सोडत नाही, थबकलेल्याकडे पाठ फिरवतो. ती रेघ मागे फिरली तर बेल (रीलवरची दोरी अडवणारी तार) उघडून जिग पुन्हा तिच्या नाकासमोर टाका. एकच मासा तीन-तीनदा वर येतो. लागला की हिसका मारायची गरज नाही. गुंडाळत राहून रॉड भारला की ठामपणे उचला. ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैलसर हवा, कारण ब्रेड ताणत नाही आणि बोटीजवळच्या शेवटच्या डुबकीत गरी ओठातून फाटून निघते.

डाउनरिगरची बाजू

डाउनरिगर म्हणजे तारेला टांगलेला साडेचार-पाच किलोचा गोळा. त्याच्या वर क्लिपमध्ये तुमची दोरी, आणि गोळ्यामागे पाच-दहा मीटरवर स्पून किंवा डॉजरमागची (चमकत डुलणाऱ्या पत्रीमागची) बनावट माशी. लेक ट्राउटला वेग कमी लागतो, ताशी अडीच ते सव्वातीन किलोमीटर. त्या वेगानेही चार तासांत दहा-बारा किलोमीटर पाणी चाळून होतं, जे जिगने शक्य नाही. नवं तळं, पांगलेला मासा, बोटीत लहान मुलं किंवा रॉड हातात धरून न बसणारे पाहुणे असतील तर हीच पद्धत घ्या. पाऊण मीटरच्या लाटांत जिग नीट चालत नाही, डाउनरिगर चालतो.

अडचणीही आहेत. इलेक्ट्रिक जोडी घ्यायची तर हजार कॅनेडियन डॉलरच्या पुढे खर्च जातो, शिवाय बोटीला भक्कम बैठक हवी. पाण्याच्या रेट्याने तार मागे झुकते, त्यामुळे काउंटरवर ३० मीटर दिसलं तरी गोळा त्याहून वर असतो. खरी खोली सोनारवर गोळा पाहूनच ठरवा. तळाला घासून ओढताना गोळा खडकात अडकला की क्लच घट्ट असलेल्याची तार तुटते, म्हणून क्लच इतका सैल ठेवा की ओढ बसताच तार सुटत जाईल. ऑन्टारिओतल्या आतल्या तळ्यांवर माणशी एकच दोरी चालते. ग्रेट लेक्सच्या काही भागांत बोटीवरून दोन. म्हणजे सिमकोवर दोघांसाठी मांडलेल्या डाउनरिगरचा फायदा निम्म्यावर येतो.

यापेक्षा मोठी गोष्ट: क्लिप घट्ट असेल तर लहान मासा लागूनही ती सुटत नाही. वर कुणाला कळत नाही आणि तो जीव अर्धा तास मागे फरफटत राहतो. क्लिप शक्य तितकी हलकी लावा, आणि रॉडचं टोक जरा जरी वेगळं थरथरलं तरी दोरी वर घेऊन बघा. तसं नसलं तरी दर १५-२० मिनिटांनी बघायचंच.

मासा सोडायचा असेल तर

इथे आमचा कौल अधिकच जिगकडे झुकतो: एकच गरी, काटा चिमट्याने दाबलेला, बहुधा वरच्या जबड्यात. लेक ट्राउटचं वाताशय अन्ननलिकेला जोडलेलं असतं, त्यामुळे वर येताना तो हवा सोडू शकतो. दोरीभोवती बुडबुडे दिसतात ते त्याचेच. म्हणून शेवटचे दहा मीटर घाईने ओढू नका. पोट फुगलेलंच राहिलं तर ओल्या हाताने शेपटीकडून डोक्याकडे हलकेच चोळा. सुई कधीच टोचू नका.

खरा घातक भाग वरच्या २०-२२ अंशांच्या पाण्याचा. त्यात मासा बोटीच्या कडेला खेळवत ठेवणं, फोटोसाठी मिनिटभर हवेत धरणं, जाळीत गुंडाळून ठेवणं, यात तो मरतो, पोहत गेलेला दिसला तरी. रबरी जाळी वापरा, पाण्यातच गरी काढा, आणि डोकं खाली करून त्याला जोराने खाली सोडा, म्हणजे तो गरम थर ओलांडून गारठ्यात पोचेल. वरचं पाणी फारच तापलं असेल त्या आठवड्यात सोडून द्यायच्या इराद्याने हा मासा धरूच नये. परवानगी असेल तेवढे खाण्यापुरते मध्यम आकाराचे घ्या आणि थांबा. मोठा लेक ट्राउट वीस-वीस वर्षांचा असतो, वीण देणारा तोच, आणि त्याच्या मांसात पारा नि चरबीत इतर प्रदूषकं साठून तो खायलाही वाईट. ऑन्टारिओ सरकार तळ्यागणिक आणि लांबीगणिक किती खावं याची माहिती देतं. ती आणि त्या मासेमारी झोनचे नियम निघण्याआधी वाचा.

सिमकोत खोल पाण्यातला प्राणवायू फॉस्फरसमुळे इतका घटला होता की या माशाची नैसर्गिक वीण खुंटली आणि तळं बाहेरून आणून सोडलेल्या पिलांवर चाललं. २००८ साली त्या तळ्यासाठी वेगळा संरक्षण कायदा झाला, आणि खोल पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम प्राणवायूचं लक्ष्य ठरलं. त्यामुळे तिथे गरीला लागलेल्या माशाचे कल्ल्यामागचे नि पोटाखालचे पर आणि पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मऊ पर आधी तपासा. पिलं सोडताना ओळखीसाठी एखादा पर कापलेला असतो. सगळे पर शाबूत असतील तर तो बहुधा तळ्यातच जन्मलेला, आणि तो परत पाण्यात गेला पाहिजे.