रुंदीकरणानंतरची वाहतूक मोजणारा एक कॅल्क्युलेटर

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी तयार केलेला, संकेतस्थळावर विनामूल्य मिळणारा ‘इंड्यूस्ड ट्रॅव्हल कॅल्क्युलेटर’ हा रस्त्यांच्या रुंदीकरणाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वापरून पाहावा. रस्त्याचा प्रकार, प्रदेश आणि वाढणारी मार्गिकांची लांबी एवढेच भरले, की काही वर्षांनंतर वाहने दरवर्षी किती जास्तीचे मैल धावतील याचा अंदाज मिळतो. आंतरराज्य महामार्गांसाठी त्यात १.० ही लवचिकता धरलेली आहे. म्हणजे क्षमता एक टक्का वाढली, तर कालांतराने वाहतूकही तेवढीच वाढते, कारण प्रवासाचा वेळ घटताच लोक अधिक आणि लांबचे प्रवास करू लागतात. इतर मोठ्या रस्त्यांसाठी हा आकडा ०.७५ आहे. कोंडी सुटून धूर कमी होईल, हा नेहमीचा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो आणि वेळेच्या बचतीवर उभारलेला आर्थिक लाभही आक्रसतो. (नव्या प्रवासांना काही मूल्य असतेच, हेही खरे.)

साधेपणा हीच मात्र त्याची मर्यादा आहे: उत्तर सरासरीवर बेतलेले असते, विशिष्ट रस्त्याची परिस्थिती त्यात उतरत नाही, आणि कॅलिफोर्नियाबाहेर त्याचे आकडे जसेच्या तसे लावणे मला धोक्याचे वाटते.