अभिजात साहित्याचा मंगा संच: एका पावसाळ्यानंतर

फेब्रुवारीत हा पाच इंग्रजी पुस्तकांचा संच ऑनलाइन मागवला, गाजलेले ग्रंथ मंगात, म्हणजे जपानी पद्धतीच्या चित्रकथेत, मांडलेले. 3,200 रुपये. कोणती पुस्तकं, किती पानं, आकार केवढा हे विक्रीच्या पानावर सगळ्यांनी वाचलेलंच असेल, त्यात जात नाही. तेव्हा मी चार तारे दिले होते. जुलैत ‘ले मिझेराब्ल’ उघडलं आणि पहिली पंचवीस-तीस पानं एकगठ्ठा सुटून मांडीवर आली. गणेशचवथीपर्यंत ‘मॅकबेथ’ आणि ‘ड्रॅक्युला’चीही तीच गत झाली. म्हणून हे नव्याने लिहितेय.

आम्ही फोंड्याला राहतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. चामड्याच्या चपलांना बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं. हे ठाऊक असल्यामुळे पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरलं तेव्हाच या पुस्तकांसाठी घट्ट झाकणाचा डबा काढला होता, आत कापूर टाकला होता. मुलगी नववीत आहे, वाचून झालं की न सांगता पुस्तक डब्यात ठेवते. तरी पानं सुटली. त्याच खोलीत उघड्या फळीवर असलेली सासऱ्यांच्या वेळची मराठी पुस्तकं पिवळी पडलीत, पण त्यांचं एक पान हललेलं नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, परतीची मुदत सात दिवसांची. मी लिहिलं की दोष पावसात दिसणारा आहे, फेब्रुवारीच्या सात दिवसांत तो दिसणार कसा? मग उत्तर आलं, ‘हाताळणीमुळे झालेलं नुकसान’. पुस्तक हाताळायचं नाही तर त्याचं करायचं काय, हे मी तीन वेगवेगळ्या माणसांना विचारलं. शेवटी पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट मिळेल असं कूपन पाठवलं. ज्याचं पुस्तक पावसाळाभर टिकत नाही त्याच्याकडून दुसरं घेण्यासाठी सूट! प्रकाशकाला मेल केली तर त्याने विक्रेत्याशी संपर्क साधा म्हणून कळवलं. पाच पुस्तकांचे 3,200 म्हणजे एकाचे 640. आमच्या घरात एवढ्या किमतीचं पुस्तक विचार करून घेतलं जातं.

गोष्ट तर वाचून झाली, मग बांधणीचं एवढं काय, असं नणंदेने विचारलं. साधी कादंबरी असती तर मीही सोडून दिलं असतं. मंगात मात्र बांधणी बिघडली की गोष्टच बिघडते, आणि ती पानं सुटायच्या आधीच बिघडलेली होती. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’मधलं एक पान सांगते.

कोझेत आठ वर्षांची. तेनार्दिएच्या खानावळीतून तिला रात्री रानातल्या झऱ्यावर पाणी आणायला धाडतात. बादली तिला उचलत नाही. ह्यूगो लिहितो की अचानक बादलीचं वजन लागेनासं झालं, एका भल्या मोठ्या हाताने कडी धरली होती, आणि पोर घाबरली नाही. या मंगाच्या चित्रकाराने तिथे दोन समोरासमोरची पानं मिळून एकच चित्र काढलंय. उजवीकडे वाकलेली मुलगी, डावीकडे अंधारातून आलेला माणूस, संवाद एकही नाही. हात आणि कडी बरोब्बर मधोमध, म्हणजे दोन पानं पाठीला मिळतात त्या घडीत. पुस्तक मोडेल एवढं ताणून उघडलं तरी मनगटापुढचं काही दिसत नाही. माझ्या मुलीला वाटलं, हा तेनार्दिएचाच कोणी माणूस, पोरीला ओढून नेतोय. तो खरा तिला सोडवायला आलेला नायक, व्हालज्याँ. ज्या प्रसंगासाठी मी ही कादंबरी जन्मभर लक्षात ठेवली, तो तिने उलटा वाचला, आणि त्यात तिचा काही दोष नाही. चित्रकाराचाही नाही. त्याने फार सुंदर काढलंय, तेही मला नंतर कळलं, पुस्तक दुरुस्त होऊन आल्यावर.

त्यानंतर मी पाचही पुस्तकं घडीसाठी तपासली. जिथे जिथे चित्रकाराने दोन पानं एकत्र घेतलीत, तिथे काहीतरी गिळलं गेलंय. ‘मॅकबेथ’मध्ये हवेत तरंगणारा खंजीर आहे, त्याची मूठ गेली. मॅकबेथ म्हणतो की मूठ माझ्या हाताकडे आहे, आणि चित्रात मूठच नाही. संवादाच्या फुग्यांतल्या ओळींची शेवटची अक्षरं जातात ती वेगळीच. छापण्याआधी एकदा एक प्रत बांधून कोणी उघडून बघितली असती तर हे दिसलं असतं.

मजकुराबद्दल. लोक म्हणतात की मंगा म्हणजे अभ्यास टाळण्याची पळवाट. हे मला मान्य नाही. जपानी मंगाकार ओसामु तेझुकांनी 1953 सालीच दोस्तोयेव्स्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ मंगात आणली होती. ‘गेन्जी’ ही हजार वर्षांपूर्वीची कादंबरी, मूळ भाषेत वाचणं आजच्या जपानी माणसालाही अवघड. वाकी यामातोंनी 1979 ते 1993 एवढी वर्षं घालवून तिची मंगा केली, आणि तिच्या आधाराने तिथली कितीतरी मुलं ‘गेन्जी’पर्यंत पोचली. उलट 2007 पासून ईस्ट प्रेस या जपानी प्रकाशनाने एका छोट्या पुस्तकात एक अभिजात ग्रंथ अशी मालिका काढली, त्यात मार्क्सचं ‘भांडवल’सुद्धा आलं. दोन्ही रस्ते आहेत. आमचा संच दुसऱ्या रस्त्याचा, एका पुस्तकात सगळं. तेव्हा काय ठेवलं आणि काय कापलं, यावरच तो तपासायला हवा.

‘ले मिझेराब्ल’मधली वॉटर्लूची लढाई कापलीय. ह्यूगो दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला गोष्ट थांबवून 19 प्रकरणं लढाईवर घालवतो. मंगाने त्यातला शेवटचा प्रसंग तेवढा ठेवलाय, रात्री मेलेल्यांचे खिसे चाचपणारा तेनार्दिए. हे योग्यच केलं. पॅरिसच्या गटारांचा इतिहासही गेला, पण बेशुद्ध मारियसला खांद्यावर घेऊन व्हालज्याँ त्या गटारांतून चालतो तिथे काळ्या शाईची सलग पानं आहेत, आणि ती वाचताना श्वास कोंडतो. इतिहास नसला तरी चालतं.

बिशपचं मात्र वाईट केलंय. मूळ कादंबरीची पहिली 14 प्रकरणं त्या म्हाताऱ्यावर आहेत. आपला राजवाडा तो रुग्णालयाला देतो, स्वतः शेजारच्या लहान घरात राहतो, चैनीची वस्तू म्हणून चांदीचे काटे-चमचे आणि आजीच्या बहिणीकडून आलेली दोन मेणबत्तीदानं तेवढी जवळ ठेवतो. हे कळल्याशिवाय तो मेणबत्तीदानं चोराच्या, म्हणजे व्हालज्याँच्या, हातात देतो त्याला किंमत येत नाही. इथे सगळं मिळून दोन पानांत उरकलंय. बिशप एक दयाळू म्हातारा एवढाच उरतो. पुढच्या आवृत्तीत चार पानं वाढवायची असतील तर ती इथे वाढवा.

‘मॅकबेथ’मध्ये नेमकी उलटी खोड. शेक्सपिअरची सगळी वाक्यं ठेवायचा हट्ट, त्यामुळे फुगे एवढे फुगलेत की माणसांना उभं राहायला जागा नाही. आम्ही जत्रेला रात्रभर उत्सवी नाटकं बघत वाढलेली माणसं, लांब भाषणांची आम्हाला भीती नाही. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून केलेल्या ‘राजमुकुटा’तही भाषणं लांबच आहेत. पण ती नट बोलतो. फुग्यातलं भाषण कोणी बोलत नाही, ते डोळ्यांनी चढावं लागतं. मुलगी काही पानं मोठ्याने वाचू लागली तेव्हा कुठे जमलं.

हा संच जपानी मंगासारखा उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो, त्याची तक्रार विक्रीच्या पानावर बऱ्याच जणांनी केलीय. त्यात काही अर्थ नाही. मुलांना ते एका बैठकीत जमतं.

एवढ्यावर मी दोन तारे देऊन थांबणार होते. पण सासूबाई मध्ये आल्या. त्यांचं शिक्षण मराठीतून, इंग्रजी बेताचं. सुटलेली पानं मी क्रमाने लावत होते, त्यातलं एक पान त्यांनी उचललं आणि म्हणाल्या, “हा आपला ‘दुःखी’ ना गं?” साने गुरुजींनी ‘ले मिझेराब्ल’ मराठीत आणली ती ‘दुःखी’ या नावाने, आणि ती सासूबाईंनी लहानपणी वाचलेली. इंग्रजी फुगे न वाचता त्यांनी निम्मं पुस्तक चित्रांवरून ओळखलं. आजी आणि नात शेजारी बसल्या, नात फुगे वाचायची, आजी मधलं गाळलेलं सांगायची. बिशपचं घर, ते रुग्णालय, सगळं तिला आजीकडूनच कळलं. मग सासूबाईंनी मार्दोळला माहेरी निरोप धाडून जुनी प्रत मागवली. माझ्या मुलीची प्राथमिक शाळा मराठीतून झाली आणि पाचवीपासून मराठी वाचन सुटल्यासारखंच होतं. ती ‘दुःखी’ वाचतेय. हळू वाचते, शब्द विचारते, पण वाचते. तिला तिथवर या मंगाने नेलं, ते मी नाकारणार नाही. आणि ती जुनी प्रत शिवलेली आहे, टेबलावर ठेवली की सपाट उघडते.

दुरुस्तीबद्दल थोडं, कारण इतरांच्याही प्रती सुटल्यात असं दिसतं. बाजूने टाके घालून घेऊ नका. गावातल्या बाइंडरने मला आधीच सांगितलं, “बाय, टाके मारले तर बोटभर आणखी आत जाईल.” कारण या पुस्तकांत दुमडलेले गठ्ठे नाहीतच, एकेक सुटं पान कापून पाठीला गरम डिंक लावलाय. तो कडक होतो, म्हणून पुस्तक उघडत नाही, आणि जोर दिला की तडकतो. शिवाय कागद आडव्या धाग्याचा आहे, म्हणजे त्यातले तंतू पाठीला आडवे जातात. धागा पाठीला समांतर हवा. आडवा असला की दमट हवेत पान उंचीत वाढू बघतं, पाठ त्याला धरून ठेवते, आणि कडेला लाटा येतात. जपानमध्येही मंगा बहुतेक डिंकानेच बांधतात, पण कागद हलका आणि मऊ वापरतात.

बाइंडरने जुना डिंक खरवडून काढला. पानांचा गठ्ठा फळ्यांत आवळला, वर आलेली पाठीकडची कड एका बाजूला पंख्यासारखी वाकवून पांढरा गोंद लावला, मग दुसऱ्या बाजूला वाकवून पुन्हा लावला. त्यामुळे प्रत्येक पानाच्या कडेला केसभर गोंद आत जातो आणि सुकल्यावरही लवचिक राहतो. वर पातळ कापड. एका पुस्तकाचे 150 रुपये. तीन पुस्तकं केली, म्हणजे संच मला 3,650 ला पडला. आता ती सपाट उघडतात, कोझेतच्या बादलीची कडी दिसते.

आज तीन तारे देतेय. दोन मजकुराला, एक चित्रकाराला, बांधणीला काही नाही. ‘ले मिझेराब्ल’ सुटं मिळत असेल तर घ्या, पूर्ण संच घेऊ नका, आणि कोकण-गोव्यात असाल तर बाइंडरचे पैसे धरूनच किंमत मोजा.

मराठी प्रकाशकांपैकी कोणी हे वाचत असेल तर एक सांगायचंय. साने गुरुजी 1950 साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो, म्हणजे ‘दुःखी’चा मजकूर 2011 पासून मोकळा आहे. ह्यूगोचा तर केव्हाचाच. पैसे द्यायचे ते चित्रकाराला, आणि पणजीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून दरवर्षी चांगले हात बाहेर पडतात. बिशपला त्याची पानं द्या, हात आणि कडी घडीपासून दूर काढा, गठ्ठे शिवून बांधा. 700 रुपये किंमत लावली तरी मी दोन प्रती घेईन, एक घरी आणि एक मुलीच्या शाळेच्या वाचनालयाला.